शालीची डावी बाजू

पोर्तुगालमधल्या कोइंब्रात गाणं आवडलं की लोक टाळ्या वाजवत नाहीत, घसा खाकरतात. मे महिन्यात जुन्या कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर काळ्या शाली पांघरलेली पोरं गिटारवर विरहाची गाणी म्हणतात. गाणं संपतं, क्षणभर काहीच नाही, आणि मग गर्दीतून कुणीतरी खोकतं. मग दुसरं कुणी. मग सगळा चौक. मी याच गावात वाढले, मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. यंदा मात्र नोएमियाला छातीशी बांधून मी त्या चौकात उभी होते, आणि पहिलं गाणं संपल्यावर एकदम एवढा खोकला ऐकून माझा हात आपसूक तिच्या पाठीवर गेला. ही खोकतेय का? नव्हती. ती डोळे मोठ्ठे करून गिटारकडे बघत होती.

ती खरंच खोकायला लागली जूनमध्ये, नेमकी माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेच्या आठवड्यात. अकरा महिन्यांचं लेकरू, आणि खोकला असा की रिकाम्या पिंपावर कुणी काठी आपटावी. मी तिच्या छातीला कान लावून बसायची. टेल्मो, माझा नवरा, दारातून बघायचा.

"इल्दा, ती श्वास घेतेय. आता तूही घे."

"घेतेय की."

"कुठं? मघापासून बघतोय. तिचा ऐकता ऐकता स्वतःचा सोडायला विसरतेस."

टेल्मो शाळेत गणित शिकवतो. त्याला सगळ्याचं उत्तर येतं असं वाटतं. माझ्या बाबतीत मात्र तो उत्तर काढायचं सोडून नुसता चहा करून आणतो.

माझा प्रबंध घंटेवर होता. विद्यापीठाच्या मनोऱ्यावरची ती घंटा, जिला सगळं गाव शेळी म्हणतं. शेळी का, याची तीन कारणं मी प्रबंधात दिली आहेत, आणि तिन्हींवर माझा विश्वास नाही. संध्याकाळी शेळी ओरडली की नव्या पोरांनी दारू आणि गप्पा टाकून खोली गाठायची, पुस्तक उघडायचं. सकाळी ओरडली की वर्गात. पिढ्यान्‌पिढ्या या टेकडीवर माणसं त्या आवाजावर उठली, निजली, धास्तावली. पोरांनी वैतागून तिची जीभ, म्हणजे आतला लोळा, चोरली, तीही एकदा नाही, अनेकदा. घंटा नाही म्हणजे तास नाही. घड्याळं घरात येण्याआधी माणसाला धास्ती कशानं भरायची, असा माझा विषय आहे म्हटलं तरी चालेल. विषय मी निवडला तेव्हा मला मूल नव्हतं. आता वाटतं, मुलीची चाहूल मला आधीच लागली असावी.

पहिल्या प्रकरणात मी विद्यापीठाची लहानपणची गोष्ट लिहिली होती. एका राजाला ते लिस्बनला हवं, दुसऱ्याला इथं. आईबापांची भांडणं चालू असलेल्या घरातल्या पोरासारखं ते गाठोडं बांधून इकडून तिकडं जात राहिलं. शेवटी एका राजानं आपला राजवाडाच त्याला देऊन टाकला, तेव्हा कुठं ते निजलं. शेवटच्या वाक्यावर माझ्या मार्गदर्शक बाईंनी काट मारली होती. "निजलं म्हणजे काय, इल्दा? पुरावा?"

सासूबाई पीकू बेटावरून आल्या त्या मला मदत करायलाच. त्यांचं नाव देओलिंदा. बेटावर आभाळात घुसलेला एक काळा डोंगर, चहूकडे समुद्र आणि त्यांचं दगडी घर. त्या आधी एकदाच इकडं आल्या होत्या, आमच्या लग्नाला, आणि त्याही वेळी गावाचे चढ बघून म्हणाल्या होत्या, "शिकायला एवढं चढायचं, मग उतरल्यावर डोक्यात राहतं का काही?" या खेपेला येताना त्यांनी चीज आणलं, लोकरीचे मोजे आणले, आणि उंबऱ्यातच माझ्या हातातून नोएमिया काढून घेतली.

"दे इकडं. किती गं वाळलीस. परीक्षा तुझी आहे की उपास?"

त्या गाजर किसून साखरेत मुरवत. सुटलेला पाक चमच्यानं नोएमियाच्या ओठांना लावत. निलगिरीची पानं उकळून घरभर वाफ करत. त्या वाफेत भिंती पुसट व्हायच्या, खिडकीबाहेरची छपरं पाण्यात असल्यासारखी हलायची, आणि मला वाटायचं, आमचं घर हळूच टेकडीवरून सुटून नदीत उतरलंय. मी टेबलाशी बसून टिपणं वाचायची आणि एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाईपर्यंत पेंगायची. पेंगेत मला ग्रंथालयातली वटवाघळं दिसायची. त्या सोनेरी लाकडाच्या दालनात ती दिवसभर पुस्तकांमागे निजतात आणि अंधार पडला की बाहेर येऊन पानं कुरतडणारे किडे खातात. स्वप्नात ती माझ्या प्रबंधातली वाक्यं खात होती. सावकाश, नीट, एकेक.

पण सांगायचं आहे ते शालीबद्दल.

इथं विद्यार्थी झालं की काळी शाल घ्यायची, घोट्यापर्यंत येणारी, जाड लोकरीची. ती कधी धुवायची नाही. धुतली तर शिकलेलं सगळं तिच्यातून निघून जातं. ती फाडायची मात्र, आणि तीही आपण नाही, आपल्या माणसांनी. काठाच्या डाव्या बाजूला घरच्यांनी, उजव्या बाजूला मित्रमैत्रिणींनी, पाठीमागे मधोमध आपल्या प्रेमाच्या माणसानं. हातानं किंवा दातानं. कात्री लावायची नाही. प्रत्येक फाट म्हणजे एक माणूस. प्रेम तुटलं तर ती मधली फाट शिवून टाकतात. एखादीची पाठ शिवलेली दिसली की वर्गात कुणी काही विचारत नाही, नुसता चहा पाजतात.

माझी शाल बाबांची होती. बाबा, अल्बानो त्यांचं नाव, कायदा शिकत होते. शेवटच्या वर्षी पोरांनी संप केला, परीक्षेला बसायचं नाही म्हणून ठरलं, शाली घड्या घालून ठेवल्या. सरकारनं संपातल्या काहींना सैन्यात घालून आफ्रिकेतल्या वसाहतींच्या युद्धावर धाडलं. बाबा त्यांच्यात होते. परत आले तेव्हा पुस्तकं उघडायची इच्छा उरली नव्हती. स्टेशनजवळ एका औषधाच्या दुकानात ते जन्मभर काउंटरमागे उभे राहिले आणि शाल पेटीत राहिली, काठाला आजीनं फाडलेल्या एका फाटेसह. मला प्रवेश मिळाला त्या दिवशी त्यांनी ती बाहेर काढली, माझ्या खांद्यावर टाकली, आणि डावा काठ दोन्ही हातांत धरून ओढला. फाटेना. पुन्हा ओढला. लोकर चिवट. शेवटी दात लावले, आणि हसू आल्यामुळे दात सुटले, पुन्हा लावले. म्हणून ती फाट सरळ नाही, वाकडी आहे, मध्ये एक गचका आहे. हसताना फाडलेली. शेजारी आईनंही आपली एक फाडली. त्यानंतर दोन हिवाळे बाबा होते.

त्यांच्या हाताचं एवढंच माझ्याजवळ होतं. अक्षर नाही, फोटोत ते नेहमी डोळे मिटलेले.

नोएमिया त्या शालीतच झोपायची. दुसऱ्या कशात नाही. जन्मली त्या आठवड्यात एकदा रडून रडून जांभळी झाली, तेव्हा हाताला लागली म्हणून शाल गुंडाळली, आणि ती गप्प झाली. आता निजताना तिला काठाची एखादी फाट मुठीत लागते. फाटेत बोट घालायचं, दोनदा हलवायचं, आणि डोळे मिटायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. तरुण डॉक्टर, हात गरम करून मग छातीला लावणारे. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, छाती साफ आहे, घशातलाच खोकला आहे. "फक्त धूळ टाळा. लोकरीच्या जुन्या वस्तू बाळाजवळ नकोत." सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. मी पण हलवली. आणि माझ्या मनात आलं ते हे, की म्हणजे मीच का? मीच तिला त्या चाळीस वर्षांच्या धुळीत गुंडाळत होते का?

दुपारी मला सभागृह बघायला वर जायचं होतं. उद्या कुठं उभं राहायचं, आवाज किती लावायचा, हे माझ्या मार्गदर्शक बाई दाखवणार होत्या. मी नोएमियाला सासूबाईंकडे दिलं आणि निघाले. निघताना तीनदा परत आले. तिसऱ्यांदा त्यांनी दार आतून लावून घेतलं.

परतताना संध्याकाळ होत आली होती. नदीवरून धुकं चढत होतं, जूनमध्ये चढतं तसं, पातळ, छपरांच्या कडा तेवढ्या खाऊन टाकणारं. आमच्या गल्लीच्या पायऱ्या उतरताना पाहिलं तर कडेच्या गटारातून काळं पाणी येत होतं. शाईसारखं. एकेका पायरीवरून उडी मारत ते खाली नदीकडे चाललं होतं. मी त्याच्याबरोबर चालत राहिले. छान दिसत होतं. कुणीतरी वर बसून सगळी पुस्तकं धुतंय असं काहीतरी मनात आलं, आणि मला हसूही आलं.

मग मी वर पाहिलं. आमच्या खिडकीपासून समोरच्या खिडकीपर्यंत दोरी बांधलेली होती. दोरीवर माझी शाल होती. धुक्यात ती केवढी मोठी दिसत होती, पंख पसरलेलं एकच वटवाघूळ, आणि तिच्या काठावरून थेंब गळत होते.

समोरच्या खिडकीत फ्लोरिपिशबाई उभ्या होत्या. आमच्या गल्लीचं सगळं त्याच बघतात. छातीवर क्रूस काढत त्या म्हणाल्या, "इल्दा! अगं काय हे? परीक्षा झाली म्हणून धुतलीस की होणारच नाही म्हणून?"

मी हात पुढं केला, एक काळा थेंब तळव्यावर पडला.

"मी ओरडले हो त्या बाईंना," फ्लोरिपिशबाई म्हणाल्या. "म्हटलं अहो, धुवू नका! तर मला म्हणतात, तुमच्या खिडकीचा खिळा पक्का आहे ना? आणि दोरीचं टोक माझ्याच हातात दिलं. आता मी काय करणार? बांधलं."

वर गेले तर सासूबाई प्रसन्न होत्या. हात कोपरापर्यंत लाल. कोंबडीची पेज चुलीवर, नोएमिया स्वच्छ चादरीत त्यांच्या मांडीवर.

"काय गं ते तुझं पांघरूण! तीन पाणी काढली तरी काळंच. पण आता धुळीचा कण नाही. आणि केवढं फाटलेलं. बाई, लेकरू झोपतं त्यात, वारा शिरतो भोकातून. आमच्याकडं मासळीच्या फाटक्या जाळ्यालासुद्धा भोक ठेवत नाहीत, तर लेकराच्या पांघरुणाला ठेवायचं? धुवायच्या आधी बसले आणि सगळं शिवून काढलं. एक भोक ठेवलं नाही."

मी खिडकीशी गेले. दोरी ओढली. ओला, जड काठ हातात आला. डावी बाजू. टाके बारीक, जवळजवळ, एकसारखे. आजीची फाट बंद. माझ्या आईची बंद. बाबांची बंद. मला तिचा गचकासुद्धा सापडेना. ओल्या लोकरीत सगळं एकच काळं होतं.

टेल्मो तेवढ्यात शाळेतून आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

"आई. काय केलंस?"

"धुतली. डॉक्टर नाही का म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले बाळाजवळ ठेवू नका. उद्या इल्दाला तीच घालून उभं राहायचंय." त्यानं शालीची पाठ उलटून पाहिली. "आणि मधलंही शिवलंस? आई, ते मी फाडलं होतं! लग्नाआधी! उद्या गावभर होईल, इल्दानं टेल्मोला टाकला म्हणून."

"तू फाडलंस?" सासूबाई म्हणाल्या. "चांगलं पांघरूण? आणि ती गप्प बसली?"

एरवी मी हसले असते. त्या दिवशी मी खाली बसले आणि म्हणाले, "मी उद्या जात नाही."

टेल्मो माझ्यासमोर उकिडवा बसला.

"पुढची तारीख मागते. मला काही आठवत नाहीये." आणि खरंच आठवत नव्हतं. मनोरा कुणी बांधला, घंटा कधी ओतली, पहिल्यांदा जीभ कुणी चोरली, सगळं त्या गटारातून पायऱ्या उतरून गेलं होतं. मी पदवीधर बाई आहे, लोकरीत ज्ञान साठत नाही हे मला कळतं. कळतं आणि तरी आठवत नव्हतं.

"पुढची तारीख म्हणजे हिवाळ्यात," टेल्मो म्हणाला. "नाहीतर पुढच्या वर्षी. आणि मग नोएमियाला दात येतील, मग ती चालायला लागेल, मग पडेल. तुला ठाऊक आहे, इल्दा. तू परत नाही जाणार."

मला ठाऊक होतं. बाबाही असेच परत गेले नव्हते.

मग टेल्मोनं आपल्या आईला फाटांचं सांगितलं. हळू आवाजात, स्वयंपाकघरात नेऊन, पण आमचं स्वयंपाकघर केवढं ते. मला सगळं ऐकू आलं. डावी बाजू, उजवी बाजू, मध्ये. आणि डाव्या बाजूची ती वाकडी. त्यानंतर बराच वेळ नुसता पेज ढवळल्याचा आवाज. मग तोही थांबला.

सासूबाई बाहेर आल्या त्या छोटी कात्री घेऊन. माझ्याजवळ न बसता थोड्या लांब बसल्या.

"मला ठाऊक नव्हतं, पोरी."

"हो."

"उसवते. बसून सगळं उसवते, उजाडायच्या आत होईल."

त्यांनी शाल दोरीवरून काढून मांडीवर घेतली, काठ दिव्याखाली धरला. कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली गेलं, आणि तिथंच राहिलं. धुतल्यावर लोकर आळली होती, फाटांच्या कडा एकमेकींत बसल्या होत्या. टाका ओढला तर आजूबाजूचं कापडही सुटून येत होतं. त्यांनी पुन्हा बघितलं. मीही वाकून बघितलं. दोघींची डोकी जवळ आली होती आणि दोघींना एकच दिसत होतं, की उसवलं तर उरेल ती बाबांची फाट नव्हे, कात्रीची.

"राहू द्या," मी म्हणाले. रागानंच म्हणाले.

त्यांनी कात्री खाली ठेवली. थोड्या वेळानं विचारलं, "कुठली त्यांची?"

"काय?"

"तुझ्या बाबांची. यातली कुठली?"

मी काठ हातात घेतला. बोट फिरवलं. आजीची लहान, सरळ. आईची तिरकी, तिनं डोळे मिटून फाडली होती. आणि मग बोट एका ठिकाणी अडलं. ओल्या कापडावर शिवणीचा एक बारीक कणा उठला होता, आणि तो थोडं चालून एकदम बाजूला वळला होता. गचका. मी सासूबाईंचं बोट धरून तिथं ठेवलं.

"इथं दात सुटले," मी म्हणाले. "हसायला लागले म्हणून."

आणि मग मी सांगत बसले. बाबा कसे ओढत होते, आई कशी ओरडत होती, आधी दात नीट लाव रे, कवळी करायला पैसे नाहीत. शेळी ओरडली की ते काउंटरमागून म्हणायचे, चला, अभ्यासाला, आणि खोकल्याच्या बाटल्या पुसायला घ्यायचे. सासूबाईंनी काठावरचं बोट काढलं नाही. वर मनोऱ्यावर शेळी ओरडली तेव्हा दोघींनी एकदमच वर पाहिलं. चुलीवरची पेज खाली लागली होती.

शाल त्यांनी इस्त्रीनं वाळवली. घरभर ओल्या मेंढीचा आणि साबणाचा वास. नोएमियाला त्यांनी शालीच्या धुतलेल्या काठाशी नेलं. तिनं फाट शोधली. सापडली नाही. तोंड वाकडं केलं, मी श्वास रोखला. मग तिच्या बोटाला तो कणा लागला. त्यावरून तिनं बोट फिरवलं, पुढं, मागं. आणि झोपली.

सकाळी मी शाल घेतली आणि गेले. ठरवलं असं काही नाही. कपडे चढवत गेले, पायऱ्या चढत गेले. पाठीवर ती आळल्यामुळे आखूड झालेली, घोट्याच्या बरीच वर. वाटेत दोघातिघांनी माझ्या पाठीकडे बघितलं आणि मग टेल्मोकडे, दयेनं. टेल्मोनं प्रत्येकाला लवून नमस्कार केला.

सभागृहात भिंतींवर राजे ओळीनं बसलेले आहेत. लिस्बनला नेणारे, परत आणणारे, राजवाडा देणारा. पूर्वी इथं त्यांचं सिंहासन होतं. छत उंच आणि रंगवलेलं, दाराशी भाला धरलेले रखवालदार, समोर खांद्यावर निळं मखमल घेतलेले परीक्षक. मध्ये छोटं टेबल, त्यामागे मी. वर भिंतीलगत सज्जा आहे, तिथून घरचे बघतात. मी नोएमियाला आणू नका म्हणून बजावलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "बरं." वर पाहिलं तर त्या होत्या, काळ्या रुमालात, आणि त्यांच्या खांद्यावर एक टोपी हलत होती.

पहिला प्रश्न लिस्बनहून आलेल्या परीक्षकांचा. सडपातळ गृहस्थ, बोलताना पेनचं टोपण लावणारे आणि काढणारे.

"आपण लिहिता, की मुलं घंटेला भीत असत. नियम आहेत, दंड आहेत, ते ठीक. पण भीती? भीतीला पुरावा काय? ती नेमकी कुठं सापडते?"

मी तोंड उघडलं. आणि काही नव्हतं. आतमध्ये स्वच्छ, धुतलेली, रिकामी दोरी. राजे बघत होते. मला माझ्या कानातला आवाज ऐकू येत होता, आणि बाई आपल्या खुर्चीत पुढं सरकल्याचा. माझं बोट शालीच्या डाव्या काठावर होतं, कण्यावरून चालत होतं, वळणाशी येऊन थांबत होतं. थांबत होतं आणि परत मागं जात होतं.

तेव्हा वरून नोएमिया खोकली.

एकदाच. पिंपावर काठी. त्या छताखाली तो आवाज असा फिरला की रखवालदारांनीही मान वर केली. माझं सगळं अंग तिकडं ओढलं गेलं. छातीतला की घशातला? घशातला. घशातलाच आहे. मला कळलं.

अध्यक्ष वाल्देमार सर, सत्तरीचे, वर्षानुवर्षं कुणी हसताना न पाहिलेले, त्यांनी सज्ज्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मूठ तोंडाशी नेली आणि अगदी गंभीरपणे घसा खाकरला.

क्षणभर काहीच नाही. मग सज्ज्यात कुणीतरी खोकलं. मग बाई. मग मागच्या बाकांवरचे विद्यार्थी, एकेक, आणि मग सगळं सभागृह, दाराशी भाला धरलेल्यासकट. लिस्बनचे गृहस्थ टोपण हातात धरून इकडं तिकडं बघत होते. त्यांच्याकडं टाळ्या वाजवतात.

मला हसू आलं. दात सुटले.

"सर," मी म्हणाले, "मुलांनी वर्गाचं दार मोडलं नाही. गुरुजींची खुर्ची पळवली नाही. मनोऱ्यावर चढून, मान मोडायची तयारी ठेवून, त्यांनी घंटेची जीभ काढून नेली. तीही पुन्हा पुन्हा. नुसत्या आवाजासाठी माणूस एवढं चढत नाही. त्या आवाजाआधी, तो आता येईल म्हणून, जे कान लावून बसावं लागतं, ते त्यांना नको होतं. भीती मला तिथं सापडली. घंटा वाजण्याच्या आधीच्या शांततेत."

त्यांनी टोपण लावलं. "पुढं बोला," म्हणाले.

पुढं मी बोलत राहिले. कुणी बांधला, कधी ओतली, सगळं जागच्या जागी होतं. विद्यापीठ शेवटी राजवाड्यात येऊन निजलं, हे वाक्यही मी बोलून टाकलं, पुराव्याशिवाय. बाईंनी कपाळाला हात लावला, पण लावलेल्या हाताआडून हसत होत्या.

बाहेर अंगणात ऊन होतं. निकाल सांगून झाला होता, मला डॉक्टर म्हणून मिठ्या मारून झाल्या होत्या. मैत्रिणींनी उजव्या बाजूला नव्या फाटा पाडल्या. टेल्मोनं मधली शिवण दातांनी एका दमात उचकटली, खाली वाकलेला असतानाच जमलेल्यांना ओरडून सांगितलं, "बघून ठेवा रे, परत घेतलंय मला!" तिथलं कापड भसाभसा सुटलं. त्याला त्याचं काही नव्हतं.

मग सगळे डाव्या बाजूकडे बघायला लागले. सासूबाई नोएमियाला घेऊन उभ्या होत्या.

"आई, तुम्ही," मी काठ पुढं केला. "तुमची जागा आहे. इथं, बाबांच्या शेजारी."

त्या मागं सरकल्या. "मी नाही फाडायची. चांगलं कापड फाडायला हात नाही उठायचा माझा."

"सगळे फाडतात."

"फाडू देत." त्यांनी बाबांच्या वळणावर बोट ठेवलं, काल ठेवलं होतं तिथंच. "माझं आहे की इथं. हे टाके कुणाचे?"

मी काठ परत घेतला. ती बाजू कुणी उसवली नाही, आजही तशीच आहे.

नोएमियानं हात पसरले होते. मी तिला शालीत घेतलं. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं ते जुन्या धुळीला, आणि धूळ तर नदीतून समुद्रात गेली असेल, कदाचित पीकूच्याही पुढं. ती दोनदा खोकली. मी कान लावला. घशातलाच. तिचं बोट काठावरून चाललं, वळणाशी थबकलं, आणि वर मनोऱ्यावर शेळी ओरडायच्या आत ती झोपली.